स्वावलंबनाचे चारशे किलोमीटर

रेकॉर्ड विभागाच्या हेडक्लार्कनी रजेच्या अर्जात कारण लिहिलं, ‘स्वावलंबन’. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि हे एखाद्या दुखण्याचं नाव असावं असं समजून सही केली.

खरं कारण होतं साडू. मागच्या महिन्यात जेवताना ते सहज म्हणाले होते, “तुम्ही घराच्या दाराला कडी घालायलासुद्धा शिपाई बोलवाल.” साडूंचं बोलणं हेडक्लार्कनी सोडून दिलं असतं, पण त्यावर बायको हसली. ते मनाला लागलं. त्याच ताटावर त्यांनी जाहीर केलं, की साडूंच्या दारापर्यंतचे चारशे किलोमीटर आपण सायकलवर, एकट्यानं, कुणाची काडीची मदत न घेता, सहा दिवसांत कापणार. बरोबर एक कोरी वही घेतली. पहिल्या पानावर शीर्षक टाकलं, ‘माझा खडतर प्रवास’. खडतरपणा तेवढा व्हायचा राहिला होता.

चौदाव्या किलोमीटरला चेन पडली. हेडक्लार्क खूश झाले. सायकल उलटी करून ते बाही वर सारतायत, तोच एक शिंपी स्कूटरवरून उतरला.

“सरका.”

“नको, मी बघतो.”

“तुम्ही बघा. मी करतो.”

शिंप्याचा हात सुई-दोऱ्यात बसलेला. त्यानं चेन अशी ओढली, की तिची एक कडी तुटून रस्त्याकडेच्या गवतात गेली. तो ओशाळला, आणि ओशाळलेला माणूस अर्ध्यावर सोडून जात नाही. जवळच त्याच्या मेव्हण्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. मेव्हण्याला जगातल्या सगळ्या दुखण्यांवर वेल्डिंग हा एकच उपाय ठाऊक. त्यानं चेन दातेरी चक्राला कायमची जोडून टाकली.

“आता जन्मात पडणार नाही,” तो म्हणाला. ते खरंच होतं. आता ती जन्मात फिरणारही नव्हती.

दोघांनी मिळून एक ट्रक थांबवला. ट्रकमध्ये नवे दरवाजे भरलेले होते. त्यांवर सायकल चढली, आणि ड्रायव्हरशेजारी हेडक्लार्क.

“मला खरं तर चालवत जायचंय,” ते म्हणाले.

“ही सायकल?”

“मग ढकलत.”

ड्रायव्हरनं त्यांच्याकडे घरातल्या म्हाताऱ्याकडे बघावं तसं बघितलं आणि रेडिओ मोठा केला. त्याचा ओळखीचा सायकल मिस्त्री सत्तर किलोमीटरवर होता. उलट्या दिशेला.

मिस्त्रीनं तासाभरात नवी चेन बसवली. हेडक्लार्कनी टांग टाकली आणि नेमके शिंकले. मिस्त्रीची आई ओट्यावरच बसली होती.

“माझ्या दारातून माणूस शिंकत गेला, असं आजवर झालं नाही,” आजी म्हणाल्या.

सायकल आत गेली. हेडक्लार्क पांघरुणात गेले. वाफारा, काढा, पुन्हा वाफारा. आजींच्या सहा शेजारणी येऊन त्यांना बघून जात. तीन दिवस गेले. वहीत पहिली नोंद झाली: ‘गादी फार मऊ.’

चौथ्या दिवशी सकाळी आजी बाजारात गेल्या, तेव्हा उशीवर आभाराची चिठ्ठी ठेवून हेडक्लार्कनी पळ काढला.

पुढचा रस्ता चढाचा होता आणि वारा समोरून. पंक्चर झालं, ते त्यांनी दोन तास खपून स्वतः काढलं. कुणी थांबलं नाही. पहिला तास त्यांना धन्य वाटलं. दुसरा नुसताच बरा गेला. तिसऱ्या तासाला मागून गाडीचा आवाज आला, की ते थोडे वाकून, दमल्यासारखे पेडल मारू लागले. गाड्या निघून जात होत्या. एकानं हॉर्न वाजवला, तोही बाजूला व्हा म्हणून.

दुपारी एका पुलाच्या कठड्यावर एक बाई बसल्या होत्या. शेजारी त्यांची सायकल, मागे सामानाच्या पिशव्या. हेडक्लार्क घाईनं उतरले.

“काही अडलंय का?”

“नाही. बसलेय जरा.”

“मागच्या चाकात हवा कमी वाटते.”

“बरोबर आहे ती.”

हेडक्लार्क तरीही उभेच राहिले. बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“तुमचं काही अडलंय का?”

हेडक्लार्कनी आपली सायकल वरपासून खालपर्यंत पाहिली. सांगण्यासारखं काहीच सापडलं नाही.

“तसं काही नाही,” ते म्हणाले. “पण विचारलंत, बरं वाटलं.”

बाईंनी कठड्यावरची पिशवी उचलून जागा केली. ते बसले. पुढचे पन्नास किलोमीटर दोघं मागेपुढे गेली, आणि फाट्यावर निरोप घेताना बाईंनी त्यांचं सैल झालेलं सीट न विचारता आवळून दिलं. त्यांनी आवळू दिलं.

सहा दिवसांचे नऊ झाले. साडूंनी दार उघडलं, रस्त्यावर डावी-उजवीकडे नजर टाकली.

“एकटेच आलात?”

हेडक्लार्कनी बोटांवर मोजलं. आजींच्या शेजारणी धरायच्या की नाहीत, याचा क्षणभर विचार केला. धरल्या.

“नाही हो,” ते म्हणाले, “बारा माणसं लागली.”