आमच्या घरचा ‘राखाडी हातमोजा’

‘राखाडी हातमोजा’ ही रहस्यमय चित्रकथामालिका ज्यांनी वाचली असेल, त्यांना एक गोष्ट पक्की आठवत असेल. ती कोणालाही कळली नाही! दर महिन्याला एक पातळसा अंक, अशी ती वर्षानुवर्षं चालली. एका दीपगृहात खून झालेला असतो, जिन्यात एक राखाडी हातमोजा सापडलेला असतो आणि एक लंगडा गुप्तहेर बटण्या नावाच्या कुत्र्याला घेऊन खुन्याच्या मागावर असतो, इथवर सगळं सरळ आहे. पुढे भल्याभल्यांनी हात टेकले. मी टेकले नाहीत. छातीठोकपणे सांगतो, त्या मालिकेचं कथानक संपूर्ण उलगडलेला या जगात मी एकटा माणूस होतो. निदान त्या रविवारी चहाच्या वेळेपर्यंत तरी होतो.

माझे वडील बुकबाइंडर. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं काम चालायचं. एका बाजूला दाब द्यायचं लोखंडी यंत्र, दुसऱ्या बाजूला पानांच्या कडा छाटायचं कटिंगचं, मध्ये कागद चिकटवायच्या खळीचं पातेलं आणि खाली कागदाच्या कातरणांचा ढीग. त्या ढिगात मी बसायचो. खळीचा तो आंबूस वास आजही कुठे आला की मी एकदम पाच वर्षांचा होतो. मालिका बंद पडल्यावर कोणीतरी विकायला काढलेला अख्खा संच बाबांनी घेतला आणि त्याचे लाल कापडाच्या पाठीचे, पाठीवर मालिकेचं नाव छापलेले तीन जाडजूड खंड बांधले. आजारी पडलो की मी पहिला खंड काढायचो, परीक्षा संपली की दुसरा, आणि कोणावर रुसलो की सरळ तिसरा. आई जेवायला हाका मारून थकायची. वर्गातल्या पोरांनी मालिकेचं नावही ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे ती माझी एकट्याची होती.

आता कथानक अवघड आहे, हे कबूल. एका ठिकाणी गुप्तहेर दीपगृहाच्या कठड्याला एका हाताने लटकलेला असतो, खाली खवळलेला समुद्र, आणि ‘क्रमशः’! पान उलटावं, तर गडी खाणावळीत बसून सूप पितोय. दुसरा कोणी वैतागला असता. मला ती लेखकाची करामत वाटायची. खाणावळीचा मालक पहिल्या खंडात बुडून मरतो आणि तिसऱ्या खंडात गिऱ्हाइकांना सूप वाढतो. म्हणजे? जुळा भाऊ! हे मी शाळेत असताना कोणाच्याही मदतीशिवाय शोधून काढलं. गुप्तहेराची बायको पहिल्या खंडात त्याच्याशी सुखाने संसार करते आणि तिसऱ्यात त्याला विचारते, ‘आपण कोण?’ स्मृतिभ्रंश, दुसरं काय! आणि पहिल्या खंडाच्या सुरुवातीलाच बटण्या गोळी लागून मरतो, रीतसर पुरला जातो, आणि नंतर शेपटी हलवत मजेत हिंडतो. यातलं मर्म समजायला मला बरीच वर्षं लागली. खुन्याला गाफील ठेवायला गुप्तहेराने रचलेलं ते नाटक होतं.

मी जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढतो. त्यामुळे हा सगळा गुंता मी एका मोठ्या कागदावर नकाशासारखा काढून ठेवला होता. मेलेले काळ्या शाईने, जुळे लाल शाईने. जुळ्यांच्या एकूण पाच जोड्या निघाल्या.

तर त्या रविवारी आमच्या लेकीच्या लग्नाची बोलणी होती. लेक इस्पितळात रुग्णांकडून व्यायाम करून घेते, मुलगा तिथेच एक्स-रे काढतो. दोघांचं ठरलेलं होतं, आम्ही राजी होतो, मुलाची आई राजी होती. अडून बसले होते ते मुलाचे वडील. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. माणूस सावकाश काम करणारा आणि त्याहून सावकाश हो म्हणणारा. आधी घरची माणसं पाहू, मग बोलू, असा निरोप त्यांनी पाठवला होता. लेकीने तेव्हापासून धड जेवण केलं नव्हतं.

माझ्या बायकोने सकाळीच मला स्वयंपाकघरात बोलावून ताकीद दिली. हवेवर बोलायचं, रस्त्यांवर बोलायचं, तब्येतीवर बोलायचं, पण त्या हातमोज्याचं नाव काढायचं नाही. मी शब्द दिला. एवढंच नव्हे, तर कपाटावरच्या तीन खंडांवर तिने पाण्याने भरलेली फुलदाणी ठेवली, तेव्हा स्टूलही मीच धरलं.

पाहुणे आले. हवा झाली, रस्ते झाले, चारही जणांच्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग जी शांतता पसरली, ती काही केल्या हलेना. कोपऱ्यातल्या खुर्चीत बाबा चहात बिस्कीट बुडवत होते. त्यांचं वय आता असं आहे की त्यांच्याकडून कोणी बोलण्याची अपेक्षा करत नाही, आणि ते त्याचा पुरेपूर फायदा घेतात. तेवढ्यात घड्याळवाल्यांची नजर कपाटावर गेली आणि तिथेच थांबली.

“हातमोजा?” ते अगदी हळू म्हणाले.

बायकोला खोकला आला. पण माझा इलाज नव्हता. नाव मी काढलं नव्हतं, त्यांनी काढलं होतं!

पुढचा वेळ काय सुखाचा गेला म्हणून सांगू! घड्याळवाले माझ्याहून वयाने मोठे, त्यांनी मालिका निघत होती तेव्हाच वाचलेली. अंक यायच्या दिवशी शाळा सुटली की ते आणि त्यांचा भाऊ पळत सुटायचे. एका बंद दवाखान्याच्या पायरीवर बसून दोघं एकच अंक दोन बाजूंनी धरायचे, आणि भाऊ हळू वाचतो म्हणून दर वेळी मारामारी व्हायची. छपाईची शाई अंगठ्याला लागायची, ती धुवायलाही नको वाटायचं. मी त्यांना कातरणांच्या ढिगाची गोष्ट सांगितली. त्यांच्या बायकोने नवऱ्याला इतकं बोलताना लग्नानंतर प्रथमच पाहिलं असावं. माझी बायको निर्धास्त होऊन आणखी बिस्किटं आणायला गेली. लेकीच्या गालावर रंग आला. लग्न ठरल्यात जमा होतं.

“शेवट मात्र कोणालाच कळला नाही,” घड्याळवाले हळहळले.

इथे मी नुसती मान डोलावली असती तर ही गोष्ट लिहावीच लागली नसती. मी म्हणालो, “मला कळलाय की.” आणि नकाशा आणला.

कपबशा बाजूला सारून मी तो टेबलावर अंथरला. खाणावळवाल्याच्या जुळ्या भावापासून सुरुवात केली. घड्याळवाल्यांनी विचारलं, कुठला जुळा भाऊ? मी लाल रेघ दाखवली. ते म्हणाले, खाणावळवाला एकच, आणि तो बुडून मेला. मी म्हणालो, एक बुडाला, एक उरला. मग मी गुप्तहेराच्या बायकोच्या स्मृतिभ्रंशावर आलो. तेव्हा त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. कोणीतरी काटे उलट्या बाजूला बसवून आणलेलं घड्याळ पाहावं, तसे ते माझा नकाशा पाहत होते. माझ्या लेकीने माझी बाही ओढली. पण मी रंगात आलो होतो आणि थेट बटण्यावर गेलो.

“बटण्या मेलाच नाही,” मी सांगून टाकलं. “ते नाटक होतं.”

घड्याळवाल्यांनी हातातला कप खाली ठेवला. “मी त्या दिवशी घरी येऊन अंथरुणात तोंड खुपसून रडलोय,” ते म्हणाले. “माझा भाऊ रडलाय. आणि तुम्ही म्हणता, नाटक होतं?”

“नाटकच. पुढे अडीच खंड तो जिवंत आहे.”

“पुढे त्याचं थडगं आहे. गुप्तहेर दर पावसाळ्यात तिथे जातो.”

मी ठामपणे सांगितलं की थडगं आधी येतं, कुत्रा नंतर. तेव्हा ते उठलेच. आपल्या बायकोला चल म्हणाले. माझ्या बायकोला चहा छान होता म्हणाले. मग माझ्याकडे वळून, आवाज जराही न चढवता बोलले, “आम्ही माणसं पाहायला आलो होतो. न वाचलेल्या गोष्टीवर जो माणूस एवढं ठासून बोलतो, तो उद्या दुसऱ्या कशाबद्दल काय सांगेल, याचा भरवसा कसा धरायचा?”

मी न वाचलेली! लेक माझ्याकडे बघत होती. तिने रागाने बघितलं असतं तर परवडलं असतं. ती नुसती बघत होती, आणि मुलगा तिच्या शेजारी चपलांकडे बघत उभा होता. मला त्या क्षणी माझी स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली की माणूस शहाणा होतो असं थोडंच आहे! मी स्टुलावर चढून खंड ओढले. फुलदाणी नकाशावर पडली आणि जुळ्यांच्या पाचही जोड्या पाण्यात वाहून गेल्या.

“हे घ्या,” मी म्हणालो. “वाचा, आणि मग जा.”

घड्याळवाल्यांनी खिशातून आपलं भिंग काढून डोळ्याला लावलं. पहिला खंड उघडला, मग दुसरा, मग तिसरा. मग त्यांनी विचारलं की अंकांचे क्रमांक कुठे आहेत, ते तर खालच्या कोपऱ्यात छापलेले असायचे. क्रमांक नव्हते. मुखपृष्ठंही नव्हती. त्यांनी पानांची कड बोटाने चाचपली.

“कटिंगमध्ये गेलेत,” ते म्हणाले. मग तिसऱ्या खंडाच्या मधोमध बोट ठेवलं. “हा पहिला अंक. आणि तुमच्या पहिल्या खंडाचं पहिलं पान, हे जवळजवळ शेवटचं.”

सगळ्यांच्या माना कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळल्या. बाबांनी बिस्कीट संपवलं आणि बोटं पुसली.

“बाबा,” मी म्हणालो, “तुमच्या हातून चूक झाली?”

“कटिंगमध्ये? माझ्या हातून?” बाबांना ते फारच लागलं. “मुद्दाम खोल घेतलं मी.”

मग त्यांनी सगळं सांगितलं, एखाद्या गिऱ्हाइकाला कामाचा तपशील सांगावा तसं. संच घरी आला तेव्हा मला वाचता येत नव्हतं. आई रोज संध्याकाळी एकेक अंक वाचून दाखवायची. बटण्या मेला त्या दिवशी मी ताट लोटलं. दुसऱ्या दिवशीही लोटलं. आईने ओरडून पाहिलं, समजावून पाहिलं, मग बाबांना म्हणाली, काहीतरी करा.

“मला काय येतं?” बाबा म्हणाले. “लिहिता येत नाही, चित्र काढता येत नाही. मला बाइंडिंग येतं. ज्यात कुत्रा मेलेला, ते सगळे अंक आधी घेतले. ज्यात जिवंत, ते नंतर. ज्यात कुत्राच नाही, ते जाडी बघून बसवले. तिन्ही खंड सारखे दिसायला नकोत का? मग तुझ्या आईने तुला पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं. बघ, बटण्या बरा झाला, म्हणाली. तू दोन वेळचं एकदम जेवलास.”

“मेल्याचा अंक काढूनच का नाही टाकला?” घड्याळवाल्यांनी विचारलं.

“पूर्ण संच होता,” बाबा म्हणाले. “संचातला अंक कोणी टाकतं का?”

मी विचारलं की मला इतक्या वर्षांत सांगितलं का नाही. बाबा म्हणाले, “तू कधी विचारलंस? तूच सांगत सुटायचास.”

खरं म्हणजे मला वाईट वाटायला हवं होतं. उभं आयुष्य ज्याचा अभिमान बाळगला, ते कथानक बाइंडिंगचं निघालं! पण मला आईची आठवण आली, एकदम आणि फार. ती जाऊन बरीच वर्षं झाली. मी तिला किती वेळा जुळ्यांची भानगड समजावून सांगितली असेल, आणि दर वेळी ती भाजी चिरता चिरता म्हणायची, ‘हो का? बाई गं!’ तिने शेवटपर्यंत मला कळू दिलं नाही. माझे डोळे भरले आणि ते लपवायला मी ओला नकाशा पुसत बसलो.

घड्याळवाले अजून उभेच होते. तिसरा खंड त्यांच्या हातात होता.

“शेवटच्या पानावर बटण्या काय करतो?” त्यांनी बाबांना विचारलं.

“वाळूवरून पळत येतो,” बाबा म्हणाले. “तिथे पान संपतं.”

घड्याळवाले खाली बसले. भिंग बराच वेळ लावलं की डोळ्यांतून पाणी येतं, असं त्यांनी आम्हाला न विचारताच सांगितलं. मग आपल्या बायकोला म्हणाले, “चहा आणखी घेऊ. तारीखही ठरवून टाकू.” ज्या घरात पोरासाठी एवढं करतात, तिथे आणखी काय पाहायचं, असं ते पुटपुटले. लेकीने तीन बिस्किटं एकापाठोपाठ एक खाल्ली.

लग्न झालं. लेक आनंदात आहे. त्या रविवारी निघताना घड्याळवाल्यांनी खंड वाचायला मागितले होते, पण बाबांनी साफ नकार दिला. संच घराबाहेर जात नाही, वाचायचा तर इथे येऊन वाचा, म्हणाले. व्याह्यांनी ते मनावर घेतलं. आता रोज दुकान बंद केलं की ते थेट आमच्याकडे येतात, माझ्या खुर्चीत बसतात, डोळ्याला भिंग लावतात आणि घड्याळ उघडल्यासारखं एकेक पान सावकाश वाचतात. लेकीचा फोन येतो, सासऱ्यांना जेवायला पाठवा, सगळे ताटकळलेत. सगळ्यांच्या मुली लग्न होऊन सासरी जातात, आमच्याकडे सासराच येऊन राहिलाय!

आणि मी? मी स्टुलावर बसतो. परवा त्यांना एके ठिकाणी अडलेलं दिसलं, म्हणून मी घसा साफ केला. तर व्याही आणि बाबा, दोघांनी एकदम हात वर करून मला गप्प बसवलं.