पाय टेकेनात

"गाडी कशी आहे हे कळायला मला पहिलं वळणसुद्धा लागत नाही," पुढारी म्हणाला. "नुसतं बसलो की कळतं."

हे तो शोरूमच्या मॅनेजरला म्हणाला, पण क्लबातल्या सगळ्यांच्या देखत आणि शिवाय स्वतःच्या बायकोच्या देखत. माणसाने बढाई मारावी, पण साक्षीदार जरा बेताचे ठेवावेत. हे भान पुढाऱ्याला कधीच नव्हतं.

पुढारी म्हणजे निवडणुका लढवणारा पुढारी नव्हे हं. धंद्याने शिंपी. पँट शिवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण रविवारी मोटारसायकलवाल्यांचा क्लब फिरायला निघाला की रांगेत सर्वांत पुढे तो, म्हणून पुढारी. क्लबाची रीतच अशी की पुढचा जे करील ते मागच्यांनी करायचं. तो डावीकडे सरकला की सगळे डावीकडे, तो थांबला की सगळे थांबले. आणि एक कडक नियम: उभी गाडी जो आडवी पाडील, त्याने वर्षभर रांगेच्या शेवटी चालायचं. हा नियम पुढाऱ्यानेच केला होता, दातांच्या डॉक्टरने पेट्रोल पंपावर गाडी लोळवली त्या दिवशी. बिचारा डॉक्टर वर्षभर सगळ्यांची धूळ खात हिंडला.

आता पुढाऱ्याचं गुपित. पुढारी उंचीने बेताचा. बेताचा म्हणजे, स्वतःच्या पँटचं कापड आणलं की उरलेल्यात पोराची चड्डी निघायची. आपल्या जुन्या मोटारसायकलची गादी त्याने घरीच उसवली होती, आतला फोम कापून पातळ केला होता आणि वरून अशी टीप मारली होती की कारखान्यालाही कळू नये. तेव्हा कुठे बुटांची टोकं जमिनीला लागायची. हे फक्त बायकोला ठाऊक होतं, आणि बायको त्याच्याहून चांगली वीतभर उंच. तिच्या माहेरचे सगळेच विजेचे खांब. तिचा धाकटा भाऊ क्लबातच होता, रांगेत दुसरा. भाऊजी कधी गडबडतात याची तो वाटच बघतोय, असा पुढाऱ्याला दाट संशय होता.

बायको दर रविवारी मागे बसायची. सिग्नलला गाडी थांबली आणि दिवा हिरवा झाला की त्याच्या खांद्यावर हलक्या हाताने दोन टपल्या मारायची. काय सुरेख थांबवलीत, अशा अर्थाच्या. पुढारी दर वेळी मनातून फुलायचा.

तर त्याच जुन्या मॉडेलचा नखशिखांत बदललेला नवा अवतार आला होता. लांबच्या पल्ल्याला आरामशीर आणि हवी तेव्हा सुसाट. शोरूमने क्लबाला आमंत्रण दिलं: एकेकाने चालवा, पहिलं मत सांगा, आम्ही ते वर कंपनीला कळवतो. सगळ्यांच्या हेल्मेटमध्ये बोलायची सोय होतीच. मॅनेजरने सर्वांना एका फोनवर जोडून घेतलं आणि शोरूममध्ये स्पीकर लावला.

"मी येते मागे," बायको म्हणाली.

"छे, छे. पहिली चक्कर एकट्याने मारायची असते. गाडीचा स्वभाव कळतो."

"बघा हं."

"बघायचंय काय त्यात?"

बघायला हवं होतं. माहितीपत्रक पुढाऱ्याने दोनदा वाचलं होतं. इंजिन, ब्रेक, बटण दाबल्यावर वरखाली होणारी पुढची काच, सगळं त्याला तोंडपाठ. फक्त गादीची उंची मिलिमीटरमध्ये दिली होती, आणि आयुष्यभर इंचांत जगलेला माणूस तो, मिलिमीटर दिसले की पान उलटायचा. दुसऱ्यांच्या पायांची मापं घेण्यात हयात गेली, पण स्वतःची तंगडी त्या गादीशी ताडून बघायचं काही सुचलं नाही.

गाडी स्टँडवर डावीकडे कललेली होती, तोवर सगळं ठीक होतं. पुढारी ऐटीत चढून बसला. डावा बूट जमिनीला लागला. टाळ्या पडल्या. मग त्याने गाडी सरळ केली आणि दोन्ही पाय हवेत लोंबकळले.

आता दोनच वाटा होत्या: इथेच सगळ्यांच्या पुढ्यात आडवं व्हायचं, नाहीतर निघायचं. चालती गाडी पडत नाही, एवढं शास्त्र त्याला ठाऊक होतं. तो निघाला. मागून आपापल्या जुन्या गाड्यांवर अख्खा क्लब निघाला.

"काय म्हणते गाडी?" हेल्मेटमध्ये मॅनेजरचा आवाज आला.

"चांगली आहे." चांगली आहे की वाईट, कोणाला माहीत. पुढारी फक्त फूटपाथ बघत होता. एका पायाला टेकू मिळेल असा उंच फूटपाथ सापडला तर त्याला खेटून थांबता येईल. शिंप्याचा डोळा, लांबूनच माप घेत होता. तीन इंच, नको. अडीच, मुळीच नको. एक चांगला सहा इंची दिसला, तर त्याला लागून टेंपो उभा.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "आपण सगळे फूटपाथला एवढे घासून का चाललोय?"

"तोल बघतोय. कमी वेगातला."

"वा, हे कळवतो वर," मॅनेजर म्हणाला.

समोर लाल दिवा दिसला. थांबायची सोय नाही म्हणून तो सरळ डावीकडे वळला. मागून सगळे वळले. पुढे पुन्हा लाल, पुन्हा डावीकडे. असं करत तो शोरूमजवळच्या ज्या चौकातून निघाला होता तिथेच परत आला. चौकात गोल कारंजं होतं आणि शोरूमकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक ट्रक आडवा घालून मागे घेत होते. पुढाऱ्याने कारंज्याला वळसा घातला. ट्रक हलेना. दुसरा वळसा घातला. मागे क्लबाची माळ तशीच गरगरत होती. बाकावरचे दोन म्हातारे बोलणं थांबवून बघत बसले.

"ब्रेक कसे वाटले?" मॅनेजरने विचारलं.

"लागलेच नाहीत."

"म्हणजे लावायची गरजच पडली नाही? फारच छान. आणि इंजिनची धग? पायांना जाणवते?"

पाय कुठे होते हेच त्याला जाणवत नव्हतं. तो तिसऱ्या वळशाला लागला. आता पेट्रोल संपेल, मग गाडी आपसूक थांबेल, आपण कारंज्यात पडू, आणि पुढचं अख्खं वर्ष मेहुणा पुढे आणि आपण शेवटी. डॉक्टर पेढे वाटेल.

"पुढारी, गाडी फारच आवडलेली दिसते. थांबतच नाही तुम्ही."

"थांबावंसंच वाटत नाहीये," पुढारी म्हणाला. अख्ख्या सकाळीत इतकं खरं तो दुसरं काही बोलला नव्हता.

शोरूममध्ये स्पीकरजवळ बसलेल्या बायकोने तो आवाज ओळखला. गिऱ्हाइकाचं भारी कापड आखूड कापलं गेलं की तो याच आवाजात "काही नाही, काही नाही" म्हणायचा. ती उठली. कोपऱ्यात मेकॅनिकची अवजारांची लाकडी पेटी होती, ती ओढत अंगणाच्या मधोमध नेऊन ठेवली आणि ऊन खायला बसावं तशी तिच्यावर बसली.

ट्रक एकदाचा निघाला. पुढारी फाटकातून आत आला तो पडेल चेहऱ्याने, मनातल्या मनात सगळ्यांची माफी मागत. आणि समोर पेटी. ऐन वेळी बायको उठली, त्याने ब्रेक लावला, आणि डावा पाय पेटीवर अलगद टेकला. गाडी उभी. पुढारी उभा. अब्रू उभी.

इथे गप्प बसला असता तर गोष्ट संपली असती. पण जीव भांड्यात पडला की या माणसाची जीभ सुटते.

"गादीची उंची कशी वाटली?" मॅनेजरने विचारलं.

"ठीक आहे," पुढारी म्हणाला. "मला थोडी अजून चालली असती."

मॅनेजरचा चेहरा उजळला. "थांबा, उतरू नका. नाही, उतराच जरा." त्याने मेकॅनिकला हाक मारली. उंच माणसांसाठी केलेली जास्तीची गादी आतच होती. पुढारी काही बोलायच्या आत जुनी निघाली, नवी बसली. "घ्या, तुमच्या पसंतीची. मारा आणखी एक चक्कर."

पुढाऱ्याने बायकोकडे बघितलं. ते बघणं दगडालाही कळलं असतं.

"आता मात्र मी येणार," ती म्हणाली आणि हेल्मेट चढवून मागे बसली.

फाटकाबाहेर पडले, मागोमाग क्लबही, आणि पहिल्याच सिग्नलला पुढे गाड्यांची रांग, डावीकडे वळायला जागा नाही. पुढाऱ्याने ब्रेक लावला, डोळे मिटले आणि पडायची वाट बघत राहिला.

गाडी पडली नाही. त्याने एक डोळा उघडून खाली पाहिलं. आपले बूट हवेत होते. त्यांच्या मागे, दोन्ही बाजूंना, बायकोच्या बुटांची टोकं जमिनीवर घट्ट रोवलेली होती.

"तुझे पाय पोचतात?"

"या गादीवर टाचा उचलाव्या लागतात. आपल्या गाडीवर नीट पोचतात."

"आपल्या गाडीवर? म्हणजे दर वेळी..."

"अहो, तुमच्या चवड्यांवर गाडी उभी राहते असं वाटलं का तुम्हाला?"

आणि फोन चालूच होता. मग मेहुणा खाकरला. "भाऊजी, मागून सगळं दिसतं."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून," डॉक्टर म्हणाला.

"मग बोललात का नाही कोणी?"

"गाडी तर कधी पडली नाही," डॉक्टर म्हणाला. "आणि माणूस चांगला आहे, म्हटलं कशाला दुखवा. नियम तेवढा वाईट होता."

"मघाशी कारंज्यापाशी?"

"तुम्हाला थांबता येईना," मेहुणा म्हणाला, "मग आम्ही थांबून तुम्हाला एकटं कसं फिरू द्यायचं?"

पुढाऱ्याने हात डोळ्यांकडे नेला, तो काचेवर आपटला. हेल्मेटमध्ये डोळे पुसायची सोय नसते.

"मागच्या गादीबद्दल पहिलं मत?" मॅनेजरने आशेने विचारलं.

"आरामशीर आहे," बायको म्हणाली. "जरा खाली असती तर बरं झालं असतं. दोघांचं वजन पेलायचं असतं मला."

दिवा हिरवा झाला. तिने पाय वर घेतले आणि त्याच्या खांद्यावर दोन टपल्या मारल्या.

इतकी वर्षं ज्याला तो कौतुक समजत होता, त्याचा अर्थ एवढाच होता: पाय उचललेत, आता निघा.