दिगूभियांचा काटा

दिगूभिया सकाळी फिरायला निघतात तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन-दोन किलोची लोखंडी वजनं असतात. ती स्वतःसाठी नसतात. बगिच्याच्या फाटकाशी उभे राहून ते आम्हा फिरणाऱ्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळतात आणि जो तरतरीत दिसेल त्याच्या हातात वजन ठेवतात. "आज तुझी चाल तेज दिसते भिया. हे धर. काटा बरोबर!"

त्यांचा डावा पाय लहानपणापासून अधू. दर पावलाला ते जरा डावीकडे झुकतात. वजनं वाटली की सगळे एका चालीने चालणार, असा त्यांचा हिशेब. बघणाऱ्यांना मात्र वाटतं की आम्ही एखाद्या किराणा दुकानावर हात मारून निघालोय. एकदा नव्या चौकीदाराने मला अडवून विचारलं, "अंकल, ये कहाँ से उठा लाए?" मी शरमेने असा लाल झालो की रस्त्यावरची रिक्षा सिग्नल समजून थांबली.

त्यात आणखी अडचण अशी, की दोन्ही हातांत वजनं घेऊनही मी दिगूभियांच्या पुढेच निघतो. मग प्रत्येक वळणावर खाली बसून बुटाची नाडी बांधतो. अख्ख्या इंदुरात सर्वांत जास्त वेळा सुटणारी नाडी माझ्या बुटाची आहे.

दिगूभिया आमच्या शेजारच्या घरात एकटे राहतात. सियागंजच्या बाजारात त्यांचं तराजूंचं दुकान होतं. विकायचे, दुरुस्त करायचे, काटा बसवून द्यायचे. दुकान आता पुतण्याकडे आहे, पण काटा दिगूभियांच्या डोक्यात राहिला. पोह्याच्या ठेल्यावर गेलो तर माझ्या प्लेटमधली चिमूटभर शेव उचलून शेजारच्या अनोळखी माणसाच्या प्लेटमध्ये टाकतात. "त्यांची कम होती." तो माणूस माझ्याकडे बघतो, मी जिलेबीच्या कढईकडे बघतो. माझ्या भाचीच्या लग्नात नवरदेव ताडमाड उंच निघाला, तर ऐन वरमालेच्या वेळी हे स्वयंपाकघरातून पाट घेऊन स्टेजवर चढले आणि भाचीला म्हणाले, "चढ बेटा." मी मंडपातून जो निघालो तो इंदुराबाहेर हातोदच्या रस्त्याला लागल्यावरच थांबलो. भाचीच्या सासरचे अजून विचारतात, "वो पाटेवाले अंकल कैसे हैं?"

तर अशा माणसाच्या डोक्यात यंदाच्या दिवाळी मिलनाला व्हिडिओ गेमची स्पर्धा शिरली.

आमच्या कॉलनीच्या मराठी मंडळात दरवर्षी अंताक्षरी होते. तरुण मुलं तोंड दाखवून पळतात, म्हातारे तीच गाणी म्हणतात. दिगूभिया बैठकीत उठले. "गाड्यांच्या शर्यतीचा गेम ठेवा. पोट्टे पण खेळतील, आज्या पण खेळतील. बराबरीचा मुकाबला मी करून देतो."

मंडळाच्या अध्यक्षा पाटणकर वहिनी म्हणाल्या, "अहो, आम्हाला ते रिमोट धरता तरी येतं का? तुम्ही असं करा, साठीच्या वरच्यांना कच्चा लिंबू ठेवा. खेळू दे, पण आउट नाही करायचं. बिचाऱ्यांची हौस होईल."

दिगूभियांना चिडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"लिंबू नाही चालणार, वहिनी. मी लिंबू होतो. या पायामुळे. आमच्या गल्लीत क्रिकेट व्हायचं. भाऊ म्हणायचे, दिगूला बॅटिंग द्या रे, कच्चा लिंबू आहे. दांडी उडाली तरी आउट नाही. दुपारभर बॅट हातात. बाकीचे आउट होऊन भांडायचे, रडायचे, अन् मी आपला उभा." ते खुर्चीत बसले. "मला एकदा कायद्यानं आउट व्हायचंय. नाहीतर कायद्यानं जिंकायचंय. बस, इतकंच."

वहिनींनी मुकाट्याने चहा मागवला.

मग दिगूभिया कामाला लागले. माझी मुलगी ऋजुता इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेमची मशीन तिची, म्हणून सराव आमच्या घरी. दिगूभिया रोज चहाच्या वेळेला यायचे. गाडी पडद्यावर वळली की हे सोफ्यावर वळायचे. डावीकडच्या वळणांनी आमचे चार कप घेतले, उजवीकडच्या वळणांनी माझा चष्मा. एका अवघड घाटात ते असे कलले की भिंतीवरचं कॅलेंडर पुढच्या महिन्यावर गेलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांनी मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्यांची 'तौल' ठेवली. प्रत्येकाने त्यांच्यासमोर एक फेरी खेळायची. हात बघून ते त्याच्यावर किती ओझं टाकायचं ते ठरवणार. आता ओझं चुकवायचं म्हणून अख्खी कॉलनी अडाणी झाली. सोहनी वकील दर रविवारी मुलाच्या हातून रिमोट हिसकावून खेळतात. त्यांनी रिमोट उलटा धरला आणि विचारलं, "यातून आवाज कुठून येतो?" दुसऱ्या एकाने तर गाडी सुरू व्हायच्या आधीच ब्रेक मारला आणि घाम पुसला.

दिगूभिया शांतपणे म्हणाले, "वकीलसाब, काटा मारू नका. सियागंजमध्ये सगळं आयुष्य हेच बघितलंय. ज्याला खरंच येत नाही तो पडद्याकडे बघतो. तुम्ही माझ्याकडे बघून रिये हो." वकिलांना लोकरी हातमोजे मिळाले आणि वर तोंडात न चावता धरायची एक आख्खी कचोरी. सबंध हॉल हसला. वकिलांना कचोरीमुळे हरकत घेता आली नाही.

सर्वांत जास्त ओझं ऋजुताला: लोकरी हातमोजे, बसायला डुगडुगतं स्टूल, गुडघ्यावर पोह्यांची भरलेली प्लेट, आणि समोरचा अर्धी फेरी पुढे गेल्यावर सुरुवात. दिगूभियांची तौल त्यांनी वहिनींना करायला लावली. आपला काटा आपण बघायचा नाही, हा सियागंजचा नियम आहे म्हणे. बक्षीस म्हणून त्यांनी दुकानातलं जुनं पितळी पाव किलो चिंचेने घासून आणलं होतं. ते असं चमकत होतं की दोन बायकांनी त्यात बघून टिकली सरळ केली.

पहिल्याच फेरीत चिठ्ठी निघाली: दिगूभिया विरुद्ध ऋजुता.

दिगूभियांनी नवा शर्ट घातला होता. हॉल खच्चून भरला. शर्यत सुरू झाली. दिगूभिया डावी-उजवीकडे झुलत होते, ऋजुता पोहे सांभाळत मागून येत होती. शेवटच्या वळणावर दोघं बरोबरीला आले. खरंच बरोबरीला! माणसाने आयुष्यभर लावलेला काटा असा मधोमध आलेला मी पहिल्यांदा बघितला. आणि मग ती पुढे गेली. शेवटची रेघ समोर दिसायला लागली. तिने एकदा वळून दिगूभियांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिची गाडी थांबली. रेघेच्या तोंडाशी.

हॉल उसळला. "दिगूभिया! दिगूभिया!" वहिनी टाळ्या वाजवत होत्या. मी तर खुर्चीवर चढलो होतो. सगळ्यांनी पाहिलं होतं, सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळे खूश होते.

दिगूभियांची गाडी तिच्या शेजारी आली आणि तीही थांबली. त्यांनी दोन्ही अंगठे रिमोटवरून उचलले.

दोन गाड्या रेघेशी उभ्या, नुसतीच घरघर. टाळ्या एकेक करून बंद पडल्या.

"काटा मारतेस बेटा?"

"नाही काका, मोजा घसरला."

"मोजा घसरला तर गाडी भिंतीवर जाते. अशी सरळ उभी नाही राहत." ते पडद्याकडेच बघत होते. कान मात्र लाल झाले होते. "इतक्या लोकांसमोर लिंबू केलंस गं."

ऋजुताची मान खाली गेली. मी खुर्चीवरून उतरलो. वहिनी पदराचं टोक चाचपू लागल्या, वकील कचोरीकडे बघत बसले. इतकी माणसं एकाच वेळी आपापले पाय बघताना मी कधी पाहिली नाहीत.

"सॉरी काका," ऋजुता म्हणाली.

"सॉरी-वॉरी सोड. गाडी मागे घे. दोघं वळणापर्यंत मागे जाऊ."

आणि उभ्या माळव्यात न झालेली शर्यत आम्ही पाहिली: दोन गाड्या शेजारी-शेजारी, हळूहळू उलट्या चालल्यात, आणि हॉलमध्ये कुणी हसत नाही. वळणावर दोघं थांबले. ऋजुताने प्लेट गुडघ्यावर नीट ठेवली, मोजे वर ओढले. "काका, आता सोडणार नाही हं."

"बोलू नको. चालव."

या वेळी तिने खरंच सोडलं नाही. दिगूभियांनी जीव खाऊन गाडी हाणली, स्वतः सोफ्यासकट डावीकडे गेले, पण ती गाडीभर आधी रेघेपार झाली.

"आउट!" दिगूभिया असे ओरडले की बाहेरच्या गुलमोहरावरचे पोपट उडाले. ते लंगडत खेळाडूंची नावं लिहिलेल्या फळ्याकडे गेले, खडू घेतला आणि स्वतःच्या नावावर आडवी रेघ मारली. मग वळून आम्हाला विचारलं, "पाहिलं ना? सगळ्यांनी पाहिलं ना?"

"पाहिलं," आम्ही म्हणालो.

ते हरलेल्यांच्या रांगेत, आधीच आउट झालेल्या वकिलांच्या शेजारी जाऊन बसले आणि पाव किलो कुणाला मिळतं याची उरलेली स्पर्धाभर भांडून-भांडून पैज लावत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी त्यांनी मला न्याहाळलं आणि माझ्या दोन्ही हातांत वजनं ठेवली. जरा थांबून पिशवीतलं तिसरंही काढलं आणि माझ्या काखेत कोंबलं. "काटा बरोबर. चल."

मी चाललो. पहिलं वळण आलं, दुसरं आलं. मागून त्यांच्या चपलेचा एकबाजूने घासत येणारा आवाज ऐकू येत होता, कधी जवळ, कधी लांब. हात भरून आले, काखेतलं वजन घामाने निसटत होतं.

त्या दिवशी माझ्या बुटाची नाडी एकदाही सुटली नाही.