हातात काय आलं?

मागच्या वर्षी माझ्या मुलीने, ऋचाने, एक गेम विकत घेतला. मोबाइलवरून पैसे भरले, गेम लॅपटॉपवर उतरला, विषय संपला. संपायला हवा होता. पण नेमके त्याच वेळी आमचे शेजारी चुरीकाका कढीपत्ता मागायला आले आणि त्यांनी विचारलं, गेम कुठे आहे? ऋचाने स्क्रीन दाखवली. काकांनी चष्मा सारखा केला, स्क्रीन बघितली, मग लॅपटॉप उचलून त्याची खालची बाजूही बघितली. "पैसे गेले ते कळलं," ते म्हणाले. "हातात काय आलं?" पुढे जे व्याख्यान झालं त्यात माझा अख्खा रविवार गेला.

सुधाकर चुरी म्हणजे डहाणू रोडला रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे नोकरी काढलेला माणूस. निवृत्त झाले, खिडकी सुटली, पण खिडकीची भाषा काही सुटली नाही. मराठी, गुजराती, हिंदी अशा तिन्ही भाषांच्या प्रवाशांना एका दमात उरकायची सवय, त्यामुळे आजही दूधवाल्याला ते "सुट्टे द्या, छुट्टा आपो, छुट्टा दो" असं सलग ऐकवतात. आणि त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं. तिकीट हातात आल्याशिवाय खिडकी सोडू नये. हे तिकिटापुरतं ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण काकांनी ते सिनेमांना लावलं, गाण्यांना लावलं, गेमला लावलं, आणि डहाणूच्या मसोलीत त्यांच्या भिंतीला भिंत लागून आमचं घर असल्यामुळे शेवटी मला लावलं.

आमच्याकडे लोकांच्या घरात खोक्यांतून चिकू असतात. काकांच्या घरात त्याच खोक्यांतून सीडी आणि डीव्हीडी आहेत. काकी गेल्यापासून तर पलंगाखालची जागाही खोक्यांनी घेतली आहे. समुद्राच्या दमट हवेत डिस्कवर बुरशी धरते, म्हणून पावसाळा संपला की त्या सगळ्या ओटीवर जुन्या साडीवर मांडल्या जातात, सावलीत, एकमेकींना न लागता. बायका पापड घालतात तसं. मग पुसणं. मी आठवडाभर तलासरीच्या शाळेत मुलांना शिकवून, एसटीचे धक्के खात घरी येतो, आणि रविवारी हा माणूस मला शिकवतो. "मास्तर, गोल नाही पुसायचं. मधून बाहेर. मधून बाहेर." एकदा मी गोल पुसलं तर त्यांनी माझ्या हातातून फडकं काढून घेतलं. मला बरंच वाटलं, पण पाचच मिनिटांत त्यांनी ते परत दिलं.

सिनेमा उसना मागायची मात्र सोय नाही. जुने सिनेमे दोन सीडींवर यायचे, भाग एक आणि भाग दोन. काका एका वेळी एकच देतात. नायकावर खुनाचा आळ आला, त्याची आई कोर्टाच्या पायऱ्या चढतेय, आणि तिथे सीडी संपते. मग चप्पल घालून काकांकडे जायचं. भाग दोन सरळ मिळत नाही. आधी चहा, मग पहिल्या भागात काय काय झालं ते सांगायचं, आणि एखादं पात्र विसरलं तर "नीट बघितला नाहीत वाटतं" हे ऐकायचं. माझ्या बायकोने, मनीषाने, एकदा वैतागून तो सिनेमा मोबाइलवर शोधला आणि शेवट बघून टाकला. काकांना हे कळल्यावर ते तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. ती म्हणाली, दोनच दिवस?

मी वाद घालून बघितला. म्हटलं, काका, आता सगळं ॲपवर आहे, घरात एवढा पसारा कशाला? ते म्हणाले, आज आहे, उद्या त्यांनी काढून टाकलं तर? मी हसलो. पुढच्याच आठवड्यात मी अर्धा बघून ठेवलेला एक सिनेमा ॲपवरून गायब झाला. काकांना हे सांगायची काही गरज नव्हती, पण मनीषाने सांगितलं. त्यांनी शब्दानेही टोमणा मारला नाही. शांतपणे खोक्यातून तोच सिनेमा काढला आणि मला भाग एक दिला. मला पहिला भाग पाठ होता, हे सांगूनही भाग एकच दिला.

या सगळ्यावर कडी झाली ती या दिवाळीत. काकांचा एकुलता एक मुलगा निखिल कॅनडात असतो. यंदाही त्याला यायला जमलं नाही. त्याने पप्पांसाठी गेमचं नवंकोरं मशीन पाठवलं. काकांनी ते चारी बाजूंनी फिरवून बघितलं. डिस्क घालायची फट कुठेच नव्हती. "याला तोंडच नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी ते परत खोक्यात घातलं.

निखिलचा मला फोन आला. त्याचा बेत साधा होता. दर रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्या शनिवारी रात्री, त्याने तिकडून आणि पप्पांनी इकडून क्रिकेटचा गेम खेळायचा. लहानपणी दोघं खेळायचे तोच. आता तो ऑनलाइन मिळतो, त्याने विकतही घेतला होता. "सर, एक बटण दाबायचंय फक्त. पण पप्पा म्हणतात, डिस्क आण. तुम्ही समजवा ना." पोराचा आवाज रडवेला झाला होता. मला काकांचा खरोखर राग आला. मुलगा सातासमुद्रापलीकडून बापाशी खेळू बघतोय, आणि हे फट शोधत बसलेत. मी त्याला सांगितलं, तासाभराने फोन कर, मी बघतो.

तावातावानेच गेलो. चहाला नाही म्हटलं. काका, तुमचा हट्ट तुम्हाला लखलाभ, पण मुलाला का त्रास, असं बरंच बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून आत गेले आणि एक डिस्क घेऊन आले. वर बॉलपेननं लहान मुलाच्या अक्षरात "निखिल" लिहिलेलं. हाच तो क्रिकेटचा गेम. कॅनडाला जायच्या दिवशी बॅग भरताना त्याने ती त्यांच्या हातात दिली होती आणि म्हणाला होता, पप्पा, ठेवा, मी येऊन नेतो.

मी ती हातात घेतली आणि सवयीने उजेडाकडे धरली. चंदेरी थराला बुरशीने ठिकठिकाणी भोकं पाडली होती. त्यांतून अंगणातलं ऊन आरपार दिसत होतं.

"काका, ही चालणार नाही."

"माहितेय. बरीच वर्षं झाली."

मी डिस्क खाली घेतली. काका बोलले, ओटीच्या कठड्याकडे बघत. "सगळं तिकडेच मिळालं तर तो इकडे कशाला येईल, मास्तर? एक तरी वस्तू त्याची माझ्याकडे राहू दे. न्यायला यावं लागेल अशी."

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. इतकी वर्षं या माणसाशी मी डिस्कवरून भांडत होतो, आणि हा मुळात डिस्कबद्दल बोलतच नव्हता.

त्यांनी डिस्क माझ्या हातातून घेतली, फडक्याने मधून बाहेर पुसली आणि म्हणाले, "निखिलला हे बोलू नका."

तेवढ्यात त्याचा फोन आला. काका फडक्याची घडी घालायला लागले. निखिलने विचारलं, ऐकलं का पप्पांनी?

"नाही ऐकत," मी म्हणालो. "डिस्कवरच खेळणार म्हणतात. ती तुझी क्रिकेटची आहे ना, ती जपून ठेवलीय त्यांनी. तूच ये आणि घेऊन जा."

त्याने विचारलं, "सर, अजून चालते ती?"

काका घडी घालायचे थांबले होते.

"चालते," मी म्हणालो.