जागल्याची झोप आणि पहिल्या नजरेचा मान

थोर थोर राज्ये बुडाली, गड पडले, गड उठले, त्यांच्या हकिगती त्या तोलाच्या लेखण्यांनी लिहून ठेविल्या आहेत. प्रस्तुत हकिगत त्या तोलाची नव्हे, हे आरंभीच कबूल असावे. रणांगण म्हणाल तर काचेच्या एका पट्टीएवढे, गनीम म्हणाल तर उघड्या डोळ्यांस न दिसणारा, आणि निर्णायक लढाई दुपारच्या जेवणाआधी आटोपलेली. तथापि एका माणसाचा जीव तीत गुंतला होता, सबब लिहिणे प्राप्त जाहले. जेथे शोभा आली ती लढणारांची, जेथे रखडले ते लिहिणाराचे, ऐसे समजून वाचावे.

गनिमाचे वर्तमान ऐसे की, नदीकाठच्या झुडपांत त्सेत्से नामक माशी राहते, ती माणसास डसते आणि डसता डसता निद्रारोगाचे जंतू त्याच्या रक्तात उतरविते. जंतू लांबट, हडकुळा, अंगास झालर लावल्यासारखा, एके जागी क्षणभर न ठरणारा. मग तो रक्तात छावणी करितो, आणि रोग्याच्या अंगची फौज त्याचा अंगरखा ओळखू लागली की तो दुसरा अंगरखा चढवून तिच्याच देखत निघून जातो, म्हणून आज रक्तात हजारोंनी सापडेल तर परवा शोधून एक मिळणे मुश्कील. आधी ताप येतो जातो, मानेमागे गाठी धरतात, आणि पुढे खुद्द मेंदूच्या तटास शिडी लागली म्हणजे माणूस रात्री टक्क जागा आणि दिवसा निद्रिस्त होतो, आणि उपाय न जाहल्यास एके दिवशी त्या निद्रेतून उठतच नाही.

ऐशा गनिमास हुडकण्याच्या विद्येकरिता इस्पितळामागे, धुलाईखान्याला लागून, बसक्या छपराची एक प्रयोगशाळा होती. तिची गादी मोठे सर चालवीत. सूक्ष्मदर्शकावर त्यांची निष्ठा ऐसी की, जे डोळ्याने दिसले नाही ते जाहलेच नाही. दुसऱ्या सरदार मॅडम, सरांच्याच हाताखाली शिकलेल्या, परंतु आता स्वतंत्र निशाणाच्या. त्यांनी जेवणाच्या डब्याएवढे एक यंत्र सिद्ध केले होते, त्यात रक्ताचा थेंब घातला आणि जंतूच्या जनुकाचा एवढासा तुकडा जरी त्यात असला, तरी यंत्र त्याच्या नकला काढीत काढीत इतक्या वाढवी की नळीतल्या पाण्याचा रंग पालटे. सर आणि मॅडम एकमेकांच्या संशोधनावर भर परिषदेत तुटून पडत, पुरावे मागत, आकडे फेकत. आणि परिषद संपली की सभागृहाच्या दारात उभे राहून, आधी कोणी बाहेर पडावे, यावर उभयतांचा बहुत वेळ जात असे, आणि मागचे लोक ताटकळत.

या अदबीची परिसीमा म्हणजे पहिल्या नजरेचा मान. नवा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली चढला की पहिली नजर गुरूने टाकावी, ऐसा मॅडमचा आग्रह, आणि पहिली नजर तरुण डोळ्यांनी टाकावी, ऐसा सरांचा. या रिवाजाने आजवर कोणाचे काही बिघडले नव्हते, कारण बहुतेक नमुने रंग देऊन वाळविलेले, मेलेले, आणि मेलेल्यास घाई नसते.

आता जागल्याचे वर्तमान. जागल्या म्हणजे प्रयोगशाळेच्या जीपचा चालक. चाकावर बसल्यावर याने कधी जांभई दिली नाही, म्हणून हे नाव पडले, आणि तो ते छातीवर बिल्ल्यासारखे मिरवी. नमुने गोळा करण्याच्या मोहिमेत सर-मॅडम जाळीदार टोप्या घालून झुडपांत शिरत आणि जागल्या नदीकाठी जीपच्या काचा खाली करून वारा खात बसे. तेथेच माशीने त्यास गाठले. मग पावसाळा सरला आणि जागल्या जिन्यावर झोपू लागला, रांगेत उभ्याने झोपू लागला, आणि एके दिवशी फाटकाशी उभ्या जीपमध्ये, इंजिन चालू, पाय ब्रेकवर, ऐसा गाढ झोपलेला आढळला. तेव्हा सरांनी जीपची किल्ली काढून घेतली, आणि किल्ली देताना जागल्या रडला, हे प्रयोगशाळेने पाहिले.

दुसरे दिवशी सकाळी जागल्याची बायको, जी गल्लीच्या तोंडाशी गणवेश शिवण्याचे दुकान चालवी, ती नवऱ्यास दंडाला धरून दरबारी रुजू जाहली.

"दिवसा जेवताना झोपतात," ती म्हणाली, "आणि रात्री घरभर फिरतात. परवा उठून बघते तर फ्रिजचं दार उघडून त्याच्याशी बोलत उभे."

"गार हवा घेत होतो," जागल्या म्हणाला.

"त्याला तुम्ही डावीकडे वळायला सांगत होतात."

मॅडमनी मानेमागच्या गाठी चाचपल्या आणि सरांकडे पाहिले, सरांनी मॅडमकडे पाहिले, आणि उभयतांच्या चेहऱ्यावरची मौज उतरली. कारण हा आता नमुना नव्हता, आपला जागल्या होता.

मोहिमेस आरंभ जाहला. पांढऱ्या कार्डावर रक्ताचा थेंब आणि तपासणीच्या द्रावणाचा थेंब एकत्र फिरविला, तो निळ्या कणांच्या गाठी धरल्या, म्हणजे गनीम येऊन गेल्याची वर्दी. मग मॅडमच्या यंत्रात थेंब गेला आणि नळीचा रंग पालटला, म्हणजे गनिमाच्या पावलाचा ठसा. हे घेऊन उभयता इस्पितळाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तेथून फर्मान सुटले की, नुसत्या वर्दी आणि ठसे यांवर या रोगाचे औषध देता येत नाही, औषध भारी आहे, आणि त्याआधी पाठीच्या कण्यातून पाणी काढून रोग मेंदूत कितपत शिरला तेही पाहावे लागेल, सबब आधी जिवंत जंतू दाखवावा.

मग जागल्याचे रक्त काढिले, बारीक काचनळीत भरून चरकीत गरगर फिरविले. तांबडे खाली, पिवळे वर, आणि दोहोंच्या सरहद्दीवर पांढुरकी रेघ, जेथे गनीम दबा धरतो. तेथे नळी मोडून एक थेंब काचपट्टीवर घेतला, वर पातळ काच ठेविली, पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकविली, त्याचा दिवा लाविला.

"बघा सर," मॅडम म्हणाल्या.

"आधी तू. माझा चष्मा आज धुरकट आहे."

"मग पुसून देते."

"तसं नाही, तुझी नजर ताजी."

"शिकवली कोणी नजर?"

येणेप्रमाणे उभयपक्षी बहुत सौजन्य जाहले, सरांनी चष्मा पुसला, मॅडमनी खुर्ची पुढे सरकविली, सरांनी ती परत सरकविली, आणि अखेर पाहिले तो सारे शांत, तांबड्या पेशी ढिम्म, गनिमाचा पत्ता नाही. दुसरे दिवशी तोच प्रकार. तिसरे दिवशी तोच. आणि जागल्याचे जागेपण रोज थोडके होत चालले. बायकोने दुकानास टाळे लाविले आणि प्रयोगशाळेच्या बाकावर मुक्काम केला, कारण घरी तो डुलकी लागून शेगडीवर पडेल, ऐसे भय.

तिसरे दिवशी तिने सहज पुसिले, "सर, तो जंतू बाहेर काढल्यावर जगतो किती वेळ?"

सर व्याख्यानास बसल्यासारखे बसले. "चांगला प्रश्न आहे. सावलीत ठेवला तर बराच टिकतो. पण काचपट्टीवर, दिव्याच्या उबेला, फार नाही. मी यावर लिहिलंय."

"फार नाही म्हणजे?"

"म्हणजे," सर म्हणाले, आणि त्यांची नजर चालू दिव्याकडे गेली, मग खुर्चीकडे, मग मॅडमकडे, "आपण 'आधी तू, आधी तुम्ही' करतो ना, साधारण तेवढ्यात."

मॅडमनी हात लांबवून दिवा मालविला.

चौथे दिवशी निर्वाणीचा हल्ला. नळी फिरली, थेंब पट्टीवर आला, दिवा लागला. आता इतकी विटंबना जाहल्यावर तरी कोणी पुढे सरसावेल, ऐसे वाचणारास वाटेल. परंतु मनुष्यस्वभाव अवघड. मॅडमच्या मनी आले की, आज चूक होता कामा नये, अनुभवी डोळा हवा. सरांच्या मनी आले की, आज चूक होता कामा नये, तेज डोळा हवा. उभयता एकदम मागे सरले आणि खुर्ची रिकामी राहिली.

"मी बघू का?" जागल्या बाकावरून उठत म्हणाला. "रक्त माझंच आहे."

आणि कोणी हो-नाही म्हणण्याआधी तो खुर्चीत बसला आणि सूक्ष्मदर्शकाच्या नळकांड्यास डोळा लाविला. सर्वांनी श्वास रोखला. जागल्या हलेना. बहुत बारकाईने पाहात आहे, ऐसा समज जाहला, इतक्यात घोरण्याचा आवाज आला. बायकोने बरगडीत कोपर हाणिले.

"अहो. काय दिसतंय?"

"ट्रॅफिक," जागल्या म्हणाला.

"नीट बघून सांगा."

"नीटच सांगतोय. तांबड्या गाड्या नुसत्या उभ्या आहेत. मध्ये एक हडकुळा घुसलाय. हॉर्न नाही, काही नाही, सगळ्यांना धक्के मारत चाललाय. लायसन्स नसणार."

त्यासरशी सर आणि मॅडम एकाच वेळी नळकांड्यावर झेपावले, डोक्यावर डोके आदळून चष्मा टेबलाखाली गेला, कोणी कोणास आधी म्हटले नाही. मॅडमनी पाहिले. सरांनी चष्म्यावाचून पाहिले. तांबड्या पेशींच्या गर्दीत एक झालरवाला, वळसे देत, आडव्या येणाऱ्यास ढोसत चालला होता. मॅडमनी फोन नळकांड्यास लावून त्याची चाल टिपली, आणि सर टोपी न घालता, गुंडी एकीकडची एकीकडे, धुलाईखान्याच्या वाळत्या चादरींतून वाट काढीत इस्पितळाकडे धावले. डॉक्टरीणबाई आल्या, पाहिले, आणि त्याच दुपारी जागल्यास खाट मिळाली. कण्यातल्या पाण्यातही गनिमाची चाहूल लागली, म्हणजे शिडी लागली होती, परंतु दरवाजा पडला नव्हता. औषधाने जागल्यास बहुत पिळून काढिले, उलट्या जाहल्या, हातपाय काटकुळे जाहले, आणि बायको उशाशी बसून त्याच्या पापण्यांवर पहारा करी. मग हळूहळू दिवस दिवसाच्या जागी आला आणि रात्र रात्रीच्या.

यथाकाळी सरांनी जीपची किल्ली स्वहस्ते परत केली. नदीकाठच्या पहिल्या मोहिमेच्या सकाळी सर आणि मॅडम जीपशी आले आणि पुढल्या दारापाशी थांबले.

"तू बस पुढे," सर म्हणाले.

"नाही सर, तुम्ही. तुमचे गुडघे."

"दोघंही मागं बसा," जागल्या आतून हलक्या आवाजात म्हणाला. "पुढं ही बसलीय."

नवऱ्याचा डोळा लागतो की काय, यावर नजर ठेवण्यास बायको खास आली होती. ती शेजारच्या जागेवर, मान काचेला टेकवून, तोंड किंचित उघडे, गाढ झोपली होती. उभयता एकाच दाराने, एकमेकांस न विचारता, मागे शिरले. जागल्याने काचा वर केल्या, दार आवाज न करता ओढिले, आणि साऱ्या वाटेत, आडव्या येणाऱ्या प्रत्येकास हात करून वाट देत, एकदाही हॉर्न वाजविला नाही. येणेप्रमाणे निद्रारोगाची शिकस्त जाहली, फत्ते जागल्याची, आणि झोप जिची होती तीस पोहोचती केली.