बोगूशचा शंभरावा गोल

मुलांनो, जरा सरकून बसा. एका जंगलात, आणि तेही थेट पोलंडच्या जंगलात, बोगूश नावाचा गवा फुटबॉल खेळायचा. जागा फॉरवर्डची. म्हणजे सगळ्यात पुढे उभं राहायचं आणि उरलेल्या दहा जणांच्या मेहनतीवर गोल मारायचा.

पंधरा वर्षं खेळला. पाणथळ क्लबने त्याला टेकडी क्लबला दिलं, टेकडीने ओढाकाठला. प्रत्येकाने आधी त्याला डोक्यावर घेतलं, मग स्वतःचं डोकं धरलं. तरी पठ्ठ्याने नव्याण्णव गोल मारले. आता गुडघे कुरकुरायला लागले होते.

शंभर गोल मारणाऱ्याचं नाव जुन्या ओकच्या झाडावर कोरायची त्या जंगलाची पद्धत होती. बोगूशला ते नाव हवं होतं. फार हवं होतं. आणि उरला होता एकच सामना, निरोपाचा.

"काळजी सोडा, बोगूशराव," सत्कार समितीचा अध्यक्ष कोल्हा म्हणाला. "शंभराव्या गोलची जबाबदारी आमची."

सामना सुरू झाला. समोरच्या संघातल्या लांडग्यांनी नमस्कार करून वाट दिली. त्यांचा गोलकीपर मिएतेक अस्वल म्हणजे बोगूशचा जुना वैरी. त्यालाही समितीने गोलच्या खांबाला टेकून बाजूला उभं केलं होतं.

बोगूशने मारला. बाहेर! पुन्हा वाट, पुन्हा बाहेर. तिसरा चेंडू प्रेक्षकांतल्या साळिंदरावर पडून फुटला.

"काय झालं रे?" मिएतेकने हळूच विचारलं.

बोगूश खुराने माती उकरत म्हणाला, "जन्मभर धक्के खाऊन गोल मारले. हे मोकळं मैदान बघून लाज वाटते. असलं नाव कोरून घेऊन त्या झाडाखालून रोज कसा जाऊ?"

मिएतेक खांब सोडून मधोमध आला. "मार मग. सोडणार नाही हां, लेका!"

बोगूश धावला. मारला. मिएतेकने झेप घेऊन पंजाने परतवला. बोगूश घसरत आला आणि पोटाने ढकलत चेंडू आत घेऊन गेला. इतका कुरूप गोल जंगलाने पाहिला नव्हता. चिखलात पडल्या पडल्या बोगूश आनंदाने रडत होता.

भाषणात कोल्ह्याने समितीच्या चोख नियोजनाचं कौतुक केलं. सत्कारात अडथळा आणला म्हणून मिएतेकला पंगतीतून उठवलं. बोगूश आपलं ताट उचलून त्याच्यामागे गेला.

तात्पर्य: अडचणीत मित्र धावून येतात. फारच धावून आले, तर शत्रूला हाक मारावी.