सिस्टर आणि काळ्या मानेचा करकोचा

शांतासिस्टरना पाखरू दिसलं तरी त्या दिसलं म्हणत नाहीत. सोबतच्या माणसानंही ते पाहिलं पाहिजे. त्यांची उभी हयात सरकारी दवाखान्यात गेली, आणि औषधाच्या बाटलीवरचं नाव दोघी नर्सनी वाचल्याशिवाय सुई भरायची नाही, ही तिथली सवय. निवृत्त होऊन हिंगोलीत माझ्या शेजारी राहायला आल्या तरी ती सुटली नाही. अंगणातल्या चिमणीलासुद्धा माझी साक्ष लागते.

‘एकीनं पाह्यलेलं बराबर नसतं,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

म्हणून मागच्या रविवारी काळ्या मानेच्या करकोच्यासाठी मला सिद्धेश्वर धरणावर जावं लागलं. हा पक्षी आपल्याकडे क्वचित दिसतो. रविवारी सकाळी मी जागा दिसणं त्याहून क्वचित.

काठावर बसून पायाला मुंग्या आल्या. जरा चुळबुळ केली की सिस्टर पेशंटला दटावावं तसं म्हणायच्या, ‘हलू नका, भाऊ. झालंच.’

दुपारी वैतागून मी थाप मारली, ‘दिसला, सिस्टर.’

त्यांनी माझ्या दुर्बिणीकडे पाहिलं. तिची झाकणं तशीच लावलेली होती.

‘काहून खोटं बोलून राहिले?’ पण त्या रागावल्या नाहीत. डबा उघडत म्हणाल्या, ‘नसीम असती तर भांडली असती.’

नसीमआपा म्हणजे त्यांची ड्यूटीवरची जोडीदार. सुटीला दोघी इथंच यायच्या आणि पाहिलेल्या पाखरावरून घरी पोचेपर्यंत वाद घालायच्या. आता नसीमआपा लेकाकडं हैदराबादला असतात.

‘फोन करत असाल की.’

‘करते. पन आता काही बी सांगितलं तरी म्हन्ती, तू म्हन्तीस तर तसंच असंल. भांडतच न्हाई ती.’

मला फार वाईट वाटलं.

एवढ्यात त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. समोर उथळ पाण्यात तो उभा होता. काळीभोर मान, उन्हात निळसर चमकणारी, आणि खाली लांबलचक पाय. आम्ही दोघं श्वास रोखून बघत राहिलो. त्यानं एक मासा टिपला आणि तो पलीकडं उडून गेला.

परतीच्या जीपमध्ये सिस्टर म्हणाल्या, ‘पाय कसे लालभडक होते.’

लालच होते. मी म्हणालो, ‘गुलाबी होते, सिस्टर.’

त्या सरसावून बसल्या. ‘डोळे तपासून घ्या तुमी.’

हिंगोली येईपर्यंत त्यांनी लाल सोडला नाही आणि मी गुलाबी. घरापाशी पोचल्यावर त्यांनी कुलूप काढलं, दार पूर्ण उघडलं. ‘आत या. च्या ठेवते. आजून माझं बोलणं झालं न्हाई.’

मी चपला काढल्या आणि म्हणालो, ‘फिकट गुलाबी.’